एक नंबर शाळेसमोरची खोली

२ जून १९७८
कॅम्प. जगदलपूरच्या पुढं, जंगलात.

रजा मंजूर. महिनाभराची. पावसात विजेच्या लाइनच्या टावरवर चढाई बंद असते म्हणून भेटली, नाही तर कोण देते.

सही करताना पिल्ले साबनं विचारलं, "क्या करेगा घर जाके?" म्हटलं, पोरगी सहाची झाली, शाळेत टाकाची आहे. त्यायनं पेन खाली ठेवला. म्हणे, "गांव के स्कूल में मत डालना, नामदेव. नागपूर में एक नंबर स्कूल देख, उसके पास कमरा ले, औरत-बच्ची को वहां रख. पहले स्कूल, बाद में घर." त्यायनं स्वतः पोरांच्या शाळेपायी घरं बदलली. दोन्ही पोरं इंजिनेर आहेत. म्हणजे खरं असन.

ही डायरी पण त्यायचीच. गेल्या सालची, कोरी राहिली म्हणून मले दिली. वार जुळत नाहीत. वार खोडतो, तारीख ठेवतो. मी चौथी पास, पण अक्षर चांगलं, म्हणून टावरच्या नंबरपाट्या रंगवाचं काम माझ्याकडेच असते. अक्षर आहे तर लिहीत जा म्हणते साब.

शोभाले इथं शो. लिहीन. बायकोचं पूर्ण नाव दिसलं की तंबूतले मोठ्यानं वाचतात.

५ जून

रायपूरहून गाडी. बसवत नाही. स्टेशन आलं की उतरतो, शिटी झाली की चढतो. बाजूचा म्हातारा म्हणे, "बसून घे ना भाऊ, गाडी तुले सोडून जात नाही अन् तू उतरला म्हणून लवकरही पोचत नाही." बसलो. मग पाय हलून राहिला तर म्हणे, आता पाय बसव.

डोक्यात एकच. एक नंबर शाळा, तिच्याजवळ खोली. रजा संपाच्या आत.

६ जून
गाव. पारशिवनीहून पायी आलो.

छबीनं ओळखलं नाही. शो.च्या मागं लपली. शो. म्हणे, "बाबा आहे वं तुझे." तर छबी म्हणे, "बाबा तर फोटोत आहे."

जेवताना विषय काढला. बाबा म्हणतात, "पोट्टीले नागपूर कायले? इथं शाळा नाही का?" आहे. गुरुजी बस आली तर येतात, बस नाही आली तर पोट्टे झाडाखाली खेळून घरी जातात. मी पण त्याच झाडाखाली चौथी काढली. बाबांले म्हटलं, म्हणूनच. माय म्हणे, लेकरू दिसणार नाही मग.

नंतर शो. भांडी घासताना बाजूले उभा राहिलो. ती म्हणे, "तुम्ही किती दिवस राहान तिथं?"
"रजा असेपर्यंत."
"मंग मी एकटी."
"शाळा एक नंबर असन वं."
"शाळा तर असन. शेजार कसा आहे?"

शेजाराचा विचारच केला नव्हता. पिल्ले साब त्याबद्दल बोलले नाहीत.

७ जून

शो.नं ट्रंकेतून जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा काढून ठेवला. खिडकीच्या पडद्याले. म्हणे, "जिथं राहाचं पक्कं होईन तिथंच लावीन. आधी लावणार नाही."

म्हणजे येते तर म्हणून राहिली. तेवढं पुष्कळ.

९ जून
नागपूर. रमेशभाऊकडे उतरलो.

रमेशभाऊ शो.चा मोठा भाऊ. सदरमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट. सकाळी म्हणे, "जवाई, रविवारपर्यंत दम धरा, मी येतो खोली पाहाले." दम कोण धरते. तो ऑफिसले गेला अन् मी निघालो.

चौकात रिक्षावाल्याले विचारलं, एक नंबर शाळा मालूम आहे का? तो म्हणे, "एक नंबर? मालूम नाही तं काय. बसा." सरळ घेऊन गेला. जुन्या पाण्याच्या टाकीमागची वस्ती. लहान गल्ली, मोठा दरवाजा, अन् वर पाटी. निळ्यावर पांढरं. कार्पोरेशन मराठी शाळा क्रमांक १.

मी पाटीखाली उभाच राहिलो. सरकारनं स्वतः लिहून दिलं म्हटल्यावर अजून काय पाहिजे. अक्षर पण नीट होतं. एकाची शेपूट थोडी लांब.

दरवाजासमोरच मथुराबाईचं घर. तिच्याकडे एक खोली खाली. नळ दारात. मथुराबाई उमरेडची, तोंडानं मोकळी. म्हणे, "कुठले तुम्ही? पारशिवनीकडले? मंग बरोबर आले. वर रामटेकचे आहेत, पलीकडे काटोलचे. सगळे शाळेपायीच आलेले." विचारलं, शाळा चांगली आहे का? म्हणे, "एक नंबर आहे ना बापू, नाही तं येवढे लोक काहून आले असते?"

बयाना देऊन टाकला. येताना पायी आलो. पूर्ण नागपूर चांगलं वाटून राहिलं होतं.

१० जून

लिहू नये वाटते, पण लिहितो.

सकाळी चहा घेताना रमेशभाऊले सांगतलं. त्याच्या तोंडात चहा होता. तो बशीत आला. मग हसाले लागला ते थांबेच ना. आतून वहिनी विचारतात, काय झालं, काय झालं. तो म्हणे, "जवाईनं एक नंबरची शाळा शोधली." आणि पुन्हा हसणं.

मग सांगतलं. "जवाई, त्या कार्पोरेशनच्या शाळा आहेत. एक, दोन, तीन, चार. गिनती आहे ती. तीस नंबरचीही आहे. हुशारीचा नंबर नाही तो."

मी म्हटलं, समजलं. दोनदा म्हटलं.

नंबर मीच तर रंगवतो. एक नंबरचा टावर काही दोनशेच्या टावरपेक्षा उंच नसते. तिथून लाइन सुरू होते, येवढंच. आणि तोच मी पाटीखाली तोंड वर करून उभा राहिलो.

११ जून

चैन नाही. टाकीच्या वस्तीत गेलो, बयाना परत मागाले. मथुराबाई म्हणे, "या ना, बसा, उसाचा रस आणवते." रस पिऊन परत आलो. बयान्याचं बोललोच नाही. पुन्हा गेलो. ती झोपली होती.

गावी काही कळवलं नाही.

१४ जून

दहावीचा निकाल. रमेशभाऊनं पेपर पुढ्यात टाकला. "याले म्हणतात नंबर." मेरिटवाल्यांचे फोटो. सगळ्यांच्या तोंडात पेढा आणि बाजूले आई. पोट्ट्यांचे डोळे झोप न झाल्यासारखे. चार पोट्टे एकाच शाळेचे. रामदासपेठेकडची. नाव लिहीत नाही, नागपुरात कोणालेही विचारा.

रमेशभाऊ म्हणे, "लोक चंद्रपूर-वर्ध्याहून बिऱ्हाड आणतात या शाळेपायी. आजूबाजूले खोली भेटत नाही. भेटली तर समजा पोट्टीचं कल्याण झालं."

म्हटलं, चला मग. आत्ता चला. म्हणे, "ऑफिस आहे बावा मले."

पेपर घडी करून उशीखाली ठेवला. फोटोत बाप कुठंच नाहीत. कामावर असतीन.

१५ जून

गावी जाऊन शो. आणि छबीले घेऊन आलो. एस.टी.त छबी खिडकीपाशी. प्रत्येक खांब दिसला की म्हणे, "हा तुमचा का बाबा?" लहान खांब माझे नाहीत सांगतलं. मोठा टावर दिसला तेव्हा म्हटलं, असा. तर म्हणे, "याच्यावर घर काहून नाही बांधत?"

शो.ले रस्त्यात सगळं सांगतलं, एक नंबरचंही. ती हसली नाही. म्हणे, "पाटी तर तशीच होती ना? मंग तुमचं काय चुकलं."

१६ जून

त्या मोठ्या शाळेत गेलो. पहिलीच्या दाखल्याले पोट्ट्यांची तोंडी परीक्षा असते. बाकावर सगळे बसलेले, लेकरांले पुटपुटून पाठ करवून राहिलेले. रंग, महिने, वार. छबीले एवढ्यात मी वार शिकवले. घाईत. बुधवार राहूनच गेला.

मोठ्या बाई चांगल्या होत्या, खोटं कशाले लिहू. चित्रं दाखवली. गाय, चष्मा, छत्री सगळं सांगतलं. मग पेरूचं चित्र. छबी म्हणे, "जाम." बाई हसल्या. म्हणाल्या, "घरी जामच म्हणतो आपण. शाळेत पेरू म्हणायचं हं."

मग आमच्याकडे वळल्या. वडलांचं शिक्षण? चौथी. आईचं? शो. म्हणे, दुसरीतून काढलं. लिहून घेतलं. मग विचारलं, "घरी अभ्यास कोण घेईल?" मी म्हटलं, त्यापायीच तर शाळेत टाकून राहिलो. बाईनं तेही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे घरचा हातभार फार लागतो. लोकांना वाटतं सगळं शाळाच करते."

जागा भरल्या आहेत. नाव लिहून ठेवलं. कोणी गळालं तर रमेशभाऊच्या पत्त्यावर बोलावणं येईन. जुलै संपेपर्यंत केव्हाही.

बाहेर आल्यावर छबी विचारते, "पेरू म्हणजे कोण?"

१७ जून

तिथल्याच जवळ खोली पाहिली. बंगल्यामागं मोटार ठेवाची जागा, मोटार विकली म्हणून भाड्यानं. लोखंडी शटर हेच दार, हीच खिडकी. शटर खाली केलं की दिवसा दिवा लावा लागते. मालकीण नियम सांगत होती. पाहुणे नाही, कपडे समोर वाळवाचे नाही, लेकरू अंगणात खेळाचं नाही. बोलणं गोड.

बाजूच्या आउटहाऊसात एक बाई, चंद्रपूरची. दोन पोट्टे त्या शाळेत. नवरा तिकडेच कामावर. शो.नं तिले विचारलं, इथं बायका पाणी भराले कुठं जमतात? ती म्हणे, "जमत नाहीत हो. सगळे पोट्ट्यांपायी आलेले, अभ्यास घेत असतात. कोणी कोणाच्या घरी जात नाही. माझ्या बाजूचीचं नाव मले मालूम नाही."

मी मेरिटच्या पोट्ट्याचं काढलं, तो पहिला, फोटोतला. म्हणे, "तो? समोरच्या डॉक्टरचा. चार ठिकाणी ट्युशन होती. शेवटच्या साली शाळेत तर बाप्पा तो दिसलाच नाही."

मग शाळेनं काय केलं? विचारलं नाही. दिवसभर मात्र तेच डोक्यात. तो पोट्टा टाकीच्या वस्तीत असता तरी पहिलाच आला असता का? आणि छबी इथं आली तर कोणाच्या जोरावर?

तरी खोली सोडवत नाही. मालकिणीले म्हटलं, चार-सहा दिवस थांबा.

१९ जून

भांडण. रमेशभाऊच्या घरात, त्या दोघांसमोर. नको होतं.

मी म्हटलं, मोटारच्या खोलीत राहू, बोलावणं आलं की शाळा दारात. शो. म्हणे, "अन् नाही आलं तं?"
"येईन."
"तुम्ही जंगलात असान. मी त्या पेटीत. शटर लावून."
"पोट्टीच्या भल्याचं आहे."
"पोट्टी कोणासंग बोलन तिथं? शटरासंग?"

रमेशभाऊ मधात पडला. "शोभे, शाळेचं नाव पुढं कामी येते. सगळे विचारतात कोणत्या शाळेची."
शो. म्हणे, "दादा, तू कोणत्या शाळेचा? पारशिवनीचाच ना? मंग टायपिस्ट कसा झाला?"
तो म्हणे, "म्हणूनच टायपिस्ट झालो वं. नाही तर साहेब झालो असतो."
वहिनी आतून म्हणाल्या, "झाले असते." त्यावर सगळे हसले. मी नाही.

चालत त्या शुक्रवारी नावाच्या तलावाकडे गेलो. बसलो, उठलो. एका जागी थांबवतच नाही आताशा. टावरवर तासन्‌तास लटकतो तेव्हा काही होत नाही. जमिनीवरच होते.

२१ जून

शो. म्हणे, तुमची एक नंबर तर दाखवा मले. तिघंही गेलो. मथुराबाईनं शो.ले हाताले धरून आत नेलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. दहा मिनिटांत रामटेकची खाली आली, काटोलची आली. रामटेकचीची नणंद शो.च्या माहेरच्या गावात दिलेली निघाली. झालं. मी बाहेर.

शाळा उघडून साफसफाई चालू होती. एक बाई होत्या, देशकर बाई. पहिलीले शिकवतात. मी सरळच विचारलं, बाई, शाळा कशी आहे, खरं सांगा. नंबर पाहून आलो मी.

त्या खराटा धरूनच हसल्या. म्हणे, "तुम्ही पहिले नाही. या गल्लीतले अर्धे नंबर पाहूनच आले. कोणी रिक्षावाल्याचं ऐकून, कोणी पाटी पाहून. एकानं बिऱ्हाड केलं, त्यानं गाववाल्याले सांगतलं. ही शाळा पहिली बांधली म्हणून एक. बस, इतकंच."

"म्हणजे वाईट आहे का?"

"वाईट कशाले? पोरांच्या घरचे लक्ष देतात. नंबरपायी आले ना, मंग अभ्यास झाला का विचारतात. दुसरीकडे कोणी विचारत नाही. पण गर्दी पाहा. एका वर्गात दोन वर्गाचे पोरं. मागं बसलेल्याले मी दिसत नाही, मले तो दिसत नाही."

मग आवाज उतरवून म्हणे, "खरं विचाराल तर पोरीले दोन नंबरमध्ये टाका. ह्याच रस्त्यानं टाकीच्या त्या अंगाले. तिथं गुरुजी चांगले आहेत अन् पोरं कमी. एकेकाजवळ बसून शिकवतात."

"तिथं पोरं कमी काहून?"

"दोन नंबर आहे ना."

२२ जून

गेलो. एकटाच. शाळा क्रमांक २. बैठी इमारत, लिंबाचं झाड, फरशी धुतलेली. गुरुजी माठ भरून राहिले होते. उमरीकर नाव. म्हणे, "या. दाखला?" म्हटलं, फक्त पाहाले आलो. म्हणे, "सगळे पाहालेच येतात."

वर्ग दाखवला. भिंतीवर त्यायनं स्वतः काढलेली चित्रं. एक पेरूचं. खाली दोन नावं, पेरू आणि जाम. मी पाहात राहिलो तर म्हणे, "दोन्ही लिहितो. नाही तर पोट्टे घाबरतात, घरचं चूक आहे का म्हणून."

मग स्वतःच बोलले. "लोक म्हणतात दोन नंबरचा माल. पोट्ट्यांले चिडवतात, दोन नंबरी. मी वर लिहून पाठवलं, शाळेले नंबर नको, नाव द्या. कोणाचंही द्या. उत्तर नाही."

मी म्हटलं, गुरुजी, नाव लिहून... मग म्हटलं, घरी विचारून सांगतो.

काय विचाराचं होतं? मनात आलं होतं, पोट्टीले इथंच टाकावं. पण जीभ वळली नाही. पिल्ले साब विचारतीन, कोणत्या शाळेत टाकली. काय सांगू? दोन नंबर? तंबूतले जेवताना हसतीन. मले मालूम आहे नंबर काहीच नाही. रमेशभाऊनं सांगतलं, बाईनं सांगतलं, मी स्वतः पाट्या रंगवतो. तरी पाय मागं आला.

२४ जून

मालकिणीनं मोटारच्या खोलीचं रमेशभाऊच्या ऑफिसात कळवलं. आज सांगा, नाही तर दुसऱ्याले देते. घाई झाली. शो.ले विचाराले टाकीकडे धावलो. ती तीन दिवसांपासून तिकडेच बसून असते.

दारातूनच दिसलं. मथुराबाईच्या त्या खोलीच्या खिडकीले हिरवं लुगडं. शो. स्टुलावर चढून दोरी ओढून राहिली होती, काटोलची खालून खिळे देऊन राहिली होती.

मी म्हटलं, "लावला?"
म्हणे, "लावला."
मोटारच्या खोलीचं मग काढलंच नाही.

बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही. दोन्ही असन. रमेशभाऊ म्हणे, "जवाई, बोलावणं आलं तर दोन बस बदलून जा लागन पोट्टीले. विचार करा." विचारच तर करून राहिलो महिनाभर.

२६ जून

शाळा सुरू. छबीचं नाव एक नंबरमध्ये टाकलं. शो. म्हणत होती, बाई सांगून राहिल्या तर दोनमध्ये टाका ना. मी म्हटलं, दारासमोरची शाळा सोडून तिकडे कायले. हे कारण नव्हतं. तिले पण समजलं.

वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. छबी खांबामागं. फळ्याचा अर्धा भाग दिसत असन. देशकर बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

सुटल्यावर विचारलं, काय शिकवलं? म्हणे, "हजेरी."

२८ जून

आजही हजेरी. आणि एक गाणं, पण तिले अर्धंच ऐकू आलं. अर्धं म्हणून दाखवलं. दुसऱ्या अर्ध्यात नुसतं तोंड हलवलं, जसं बाकीचे हलवत होते.

संध्याकाळी वरच्या रामटेकवाल्याचा पोट्टा तिसरीतला, अंगणात मोठ्यानं वाचत होता. धडाधड. तोही याच शाळेचा. म्हणजे होते काही. पण त्याचा बाप रोज बाजूले बसलेला असते. वाचता येत नाही त्याले, पण बसते. मी नसणार.

रमेशभाऊकडे चौकशी केली. बोलावणं नाही.

३० जून
निघालो. गाडीत लिहून राहिलो.

शो. आणि छबी पोचवाले आल्या. मथुराबाई पण, भाकर-चून बांधून. छबी आता मले ओळखते. हमालाले सांगत होती, "हे माझे बाबा, मोठ्या खांबावर राहतात."

शो.नं बाजूले घेतलं. म्हणे, "काल मी त्या दोन नंबरच्या शाळेत जाऊन आली. भिंतीवर जाम लिहिलं आहे म्हणत होते ना तुम्ही. गुरुजीनं वाचून दाखवलं. मग मी बोट ठेवून वाचलं."

मी म्हटलं, मग?

"मंग काही नाही. तुम्ही जा. मी पाहीन."

काय पाहीन, ते विचाराच्या आधी शिटी झाली. यावेळी मी चढून बसलो, कुठल्याच स्टेशनवर उतरलो नाही.

८ जुलै
कॅम्प.

पाऊस. चढाई बंद. नवीन लाइनच्या पाट्या रंगवाचं काम काढलं. छपरीत बसून.

पिल्ले साब छत्री घेऊन आले. "स्कूल मिला?"
"मिला साब."
"एक नंबर?"
"एक नंबर."
"कमरा?"
"सामनेच."
खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. मेरा बात माना." तंबूतल्यांलेही सांगतलं त्यायनं. जेवताना कोणीच चिडवलं नाही. भाजी जास्त वाढली.

मी निघालो तेव्हा ती एक नंबरमध्ये होती. आज कुठं बसली असन, मालूम नाही. खांबामागं, की गुरुजीजवळ, की रमेशभाऊकडे बोलावणं येऊन दोन बस बदलून त्या मोठ्या शाळेत. शो.नं कळवलं नाही. कळवन तर कोणाकडून लिहून घेईन? की स्वतः.

एकची पाटी सकाळी झाली. पिवळ्यावर काळं, नेहमीसारखं. मग दोनची घेतली. शेपूट दोनदा पुसली, पुन्हा काढली. साब म्हणे, "इतना टाइम? दो नंबर ही तो है." मी पुन्हा ब्रश बुडवला.

संध्याकाळी बोट लावून पाहिलं. ओली आहे अजून.